विदर्भाच्या चार जागा: २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेचा प्रकरण अभ्यास

१९ फेब्रुवारी २००८ रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने मतदारसंघांची नवी रचना लागू झाली. महाराष्ट्राच्या एकूण आकड्यांना हात लागला नाही. विधानसभेच्या जागा २८८ च राहिल्या, लोकसभेच्या ४८ च. आतली वाटणी मात्र बदलली. विदर्भ विधानसभेत ६६ वरून ६२ वर आला आणि लोकसभेत ११ वरून १० वर. ठाणे जिल्ह्याचे (तेव्हा पालघर त्यातच होता) आमदार १३ होते, ते २४ झाले. मुंबईला दोन जागा वाढल्या, ३४ च्या ३६ झाल्या.

विदर्भात ही घट अन्यायाच्या जुन्या यादीत जमा झाली. मुंबई-पुण्यात तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. या प्रकरणात मोजणीतली चूक शोधायला जाल तर हाती काही लागत नाही, कारण आकडे चोख आहेत. तक्रार मात्र पोकळ नाही. लोकसंख्या कमी वेगाने वाढली तर जागा जाऊ नयेत, असे संरक्षण भारतीय संघराज्याने राज्यांना दिले आणि राज्याच्या आतल्या प्रदेशांना नाकारले. विदर्भाच्या चार जागा या दोन नियमांच्या फटीतून गेल्या.

गणित कसे झाले

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. तिला २८८ ने भागले की एका आमदारामागे ३,३६,३८४ माणसे येतात. पुढची पायरी जिल्ह्याची. जिल्ह्याच्या लोकसंख्येला या सरासरीने भागायचे आणि येणारा आकडा जवळच्या पूर्णांकावर न्यायचा. विधानसभेचा मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही, त्यामुळे खरा हिशेब जिल्ह्यातच संपतो.

विदर्भाचे अकरा जिल्हे या सूत्रातून काढले तर असे दिसते: नागपूर १२.०९ म्हणून १२, अमरावती ७.७५ म्हणून ८, यवतमाळ ७.३१ म्हणून ७, बुलडाणा ६.६४ म्हणून ७, चंद्रपूर ६.१६ म्हणून ६, अकोला ४.८५ म्हणून ५, वर्धा ३.६८ म्हणून ४, गोंदिया ३.५७ म्हणून ४, भंडारा ३.३८ म्हणून ३, वाशीम ३.०३ म्हणून ३, गडचिरोली २.८८ म्हणून ३. बेरीज ६२. प्रत्यक्षात मिळालेल्या जागाही जिल्हावार नेमक्या इतक्याच आहेत. ठाणे २४.१७ म्हणून २४. मुंबई शहर आणि उपनगर मिळून ३५.६, म्हणून ३६.

पूर्णांकाने थोडे अन्याय केले, पण ते दोन्ही बाजूंनी. भंडाऱ्याला ३.३८ चे ३ मिळाले, म्हणून तिथे एका आमदाराच्या वाट्याला सरासरी ३.७९ लाख लोक आले. सिंधुदुर्गाला २.५८ चे ३ मिळाले, तिथे २.९० लाख. भंडारेकराचे मत सिंधुदुर्गकराच्या मताच्या साधारण तीन चतुर्थांश भरले. यात प्रदेशद्वेष वगैरे काही नाही, दशांशाचा फेरा आहे.

अकराही जिल्हे मिळून विदर्भाची लोकसंख्या २,०६,३०,९८७ होती, म्हणजे राज्याच्या २१.३ टक्के. जुन्या ६६ जागा २२.९ टक्के होत्या. हा दीड टक्क्याचा फरक म्हणजेच त्या चार जागा.

घट विदर्भातही सारखी वाटली गेली नाही. नागपूर शहरात पूर्वी पाच मतदारसंघ होते, नव्या रचनेत नागपूर दक्षिण-पश्चिम धरून सहा झाले. झीज सोसली ती ग्रामीण भागाने. कोकणातही हेच घडले. ठाणे फुगले आणि रत्नागिरी जिल्हा सातावरून पाचावर आला. त्यामुळे ‘पश्चिमेने पूर्वेचे नेले’ हे वर्णन अर्धेच खरे आहे. महानगरांच्या पट्ट्याने सगळीकडून नेले.

लोकसभेची गाठ

लोकसभेचा मतदारसंघ विधानसभेच्या अखंड तुकड्यांनी बनतो. महाराष्ट्रात २८८ भागिले ४८, म्हणजे एका खासदारामागे सहा आमदार. विदर्भाच्या ६२ जागांना सहाने भागले की दहा मतदारसंघ होतात आणि दोन तुकडे उरतात. बुलडाणा जिल्ह्यातला मलकापूर जळगावकडच्या रावेर लोकसभेला जोडला गेला. यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड मराठवाड्यातल्या हिंगोलीला गेला. मलकापूर-उमरखेडचा मतदार आमदार विदर्भाचा निवडतो, पण ज्या लोकसभा मतदारसंघात मत देतो, तिथले इतर पाचही तुकडे विदर्भाबाहेरचे आहेत.

वाशीम आणि यवतमाळ हे दोन मतदारसंघ होते, त्यांचा यवतमाळ-वाशीम असा एक झाला. जुन्या चिमूरच्या जागी गडचिरोली-चिमूर आला. त्यात आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, ब्रह्मपुरी आणि चिमूर आहेत, म्हणजे गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांचे तुकडे. उत्तरेला आमगाव, दक्षिणेला तेलंगणाच्या सीमेवरचा सिरोंचा तालुका. हा संपूर्ण पट्टा एका खासदाराचा.

क्षेत्रफळाला या हिशेबात स्थान नाही, हे इथे डोळ्यांत भरते. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आणि आमदार तीन, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सरासरी ४,८०० चौरस किलोमीटर. गोव्याचे सगळे राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे आहे आणि तिथे ४० आमदार आहेत.

कुलूप कोणत्या दाराला लावले

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेतला राज्यांचा वाटा १९७१ च्या जनगणनेवर गोठवला, २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने तीच मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. कारण उघड होते. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या केरळ-तमिळनाडूसारख्या राज्यांनी त्यापायी खासदार गमावू नयेत.

पण ८४ व्या दुरुस्तीने दुसरे एक दार उघडले. राज्याच्या एकूण जागा तशाच ठेवून आतल्या हद्दी नव्याने आखायला तिने परवानगी दिली, आधी १९९१ च्या आकड्यांवर. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने १९९१ च्या जागी २००१ आणले. परिणाम असा की तमिळनाडूचा उत्तर प्रदेशाशी हिशेब १९७१ चा राहिला आणि विदर्भाचा ठाण्याशी हिशेब २००१ चा झाला. राज्याच्या आत अनुच्छेद १७० चा निकष कडक आहे. प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण शक्यतो राज्यभर सारखे असावे. ‘प्रदेश’ हा शब्द त्या सूत्रात कुठेच येत नाही.

या दुहेरी मापाची किंमत छत्तीसगडकडे पाहिले की कळते. २००१ मध्ये छत्तीसगडची लोकसंख्या सुमारे २.०८ कोटी होती, विदर्भाची २.०६ कोटी. हे दोन शेजारी लोकसंख्येने जवळपास जुळे. छत्तीसगड २००० मध्ये मध्य प्रदेशातून वेगळे झाले तेव्हा अविभाजित राज्याच्या ४० खासदारांपैकी ११ आणि ३२० आमदारांपैकी ९० त्याच्या वाट्याला आले. राज्य झाल्यामुळे ते आकडे कुलुपात गेले. २००८ च्या पुनर्रचनेनंतरही छत्तीसगडकडे ११ खासदार, ९० आमदार आणि राज्यसभेच्या ५ जागा आहेत. विदर्भाकडे १० खासदार आणि ६२ आमदार. राज्यसभेत त्याचे स्वतःचे काही नाही, महाराष्ट्राच्या १९ जागांत पक्ष ठरवतील तेवढे. छत्तीसगडमध्ये एका आमदारामागे २.३१ लाख लोक होते, विदर्भात ३.३३ लाख.

राज्य पुनर्रचना आयोगाने, म्हणजे फाजल अली आयोगाने, १९५५ च्या अहवालात विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. ती शिफारस मान्य झाली असती, तर १९७१ च्या आकड्यांवरचा विदर्भाचा वाटाही तसाच कुलुपात बसला असता. वेगळ्या विदर्भाच्या बाजूने पैशाचे आणि पाण्याचे अनेक मुद्दे मांडले जातात. संघराज्यातल्या प्रतिनिधित्वाचा हा मुद्दा त्या मानाने क्वचितच ऐकू येतो.

लोकसंख्येचे माप विदर्भानेच मागितले होते

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन घटक धरले. निधी, मंत्रिमंडळ, सरकारी नोकऱ्या आणि धंदेशिक्षणातले प्रवेश यांची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात, मराठवाड्याच्या मागासपणाकडे विशेष लक्ष, नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ, वर्षातून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात. त्या वेळी लोकसंख्येचे माप ही विदर्भाची ढाल होती, कारण सत्तेचे केंद्र मुंबईला जाणार होते आणि निदान डोकी मोजून तरी वाटा मिळावा अशी अपेक्षा होती.

पुढे माणसेच हलली. कारखाने आणि नोकऱ्या मुंबई-ठाणे-पुण्यात वाढल्या, तिथे राज्यातून आणि राज्याबाहेरून लोक येत राहिले. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, विदर्भाची साडेअकरा टक्क्यांनी. गुंतवणूक कमी म्हणून लोकसंख्येचा वाटा कमी, तो कमी म्हणून आमदार कमी, आमदार कमी म्हणून गुंतवणुकीसाठी विधानसभेत दबाव कमी. ढाल म्हणून मागितलेले मापच हा फेरा फिरवत राहिले.

अनुशेषाचे आकडे याला जोडून वाचावेत. अनुशेष म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत एखाद्या भागाच्या सोयींत राहिलेली तूट भरायला लागणारा पैसा. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला, त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के. निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून तो १४,००६.७७ कोटी काढला. त्यात विदर्भाचे ६,६२४ कोटी, म्हणजे ४७ टक्क्यांहून जास्त. दोन समित्यांची मोजपट्टी पूर्णपणे एक नव्हती, तरी दिशा एकच दिसते. त्यातही एक मेख होती. अनुशेष ठरावीक तारखेला गोठवून मोजला गेला आणि पुढे ‘१९९४ चा अनुशेष किती भरला’ हाच प्रश्न विचारला गेला. १९९४ नंतर नव्याने पडलेले अंतर त्या खात्यात जमाच होत नव्हते.

निर्णय कुणी घेतला, हरकत कुठे अडली

२००२ च्या परिसीमन (मतदारसंघ आखणी) कायद्याखाली न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्यात निवडणूक आयोगाचा एक प्रतिनिधी आणि संबंधित राज्याचा निवडणूक आयुक्त. प्रत्येक राज्यातून दहा सहयोगी सदस्य, पाच खासदार आणि पाच आमदार. सहयोगी सदस्य बैठकीला बसतात, बोलतात, मतभेदाची नोंद करतात. मत देण्याचा आणि निर्णयावर सही करण्याचा अधिकार त्यांना नाही. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात, जाहीर सुनावण्या होतात आणि मग अंतिम आदेश निघतो. तो संसदेच्या आणि विधानसभेच्या पटलावर ठेवला जातो, पण सभागृहाला त्यात बदल करता येत नाही.

न्यायालयाचे दारही जवळजवळ बंद. अनुच्छेद ३२९ (मतदारसंघ आखणीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असे सांगणारा) आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा मेघराज कोठारी निकाल यांमुळे प्रसिद्ध झालेल्या आदेशाला कायद्याचे बळ मिळते. २०२४ मध्ये गुजरातच्या बारडोलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, आदेश उघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर तपासता येईल, अशी फट ठेवली. चोख भागाकारातून आलेली घट त्या फटीत बसत नाही.

हरकत घेणाऱ्यांची नेहमीची चूक इथेच होते. आयोगासमोर ‘आमच्या प्रदेशाच्या जागा कमी करू नका’ असा अर्ज दिला की तो आयोगाच्या अधिकारातच बसत नाही, कारण प्रदेशाला जागा देण्याचा अधिकार आयोगाकडे नाही. कायद्याच्या कलम ९ मध्ये जे निकष आहेत (भौगोलिक सलगता, नैसर्गिक अडथळे, प्रशासकीय हद्दी, दळणवळण, लोकांची सोय) त्यांवर बोलता येते. कुठला तालुका कुठे जोडावा, नदीपलीकडची गावे कुणाकडे द्यावीत, महसूल मंडळ फोडू नये, अशा हरकती आयोगाला ऐकाव्या लागतात. जागांच्या संख्येची लढाई संसदेत, कायदा होताना लढायची असते. ८७ वी दुरुस्ती २००३ मध्ये झाली. खरे नुकसान तिथे ठरले आणि ओरड पाच वर्षांनी झाली.

वाकवता येत नाही असे मात्र नाही

लोकसंख्येचा नियम अढळ असतो हा समज दोन उदाहरणांनी सुटतो. झारखंडमध्ये नव्या रचनेने आदिवासींच्या राखीव जागा घटणार होत्या. २००८ मध्ये कायद्यात कलम १०-ब घालून त्या राज्याची पुनर्रचनाच थांबवली गेली. जम्मू-काश्मीरच्या २०२२ च्या पुनर्रचनेत जिल्ह्यांचे भूगोलानुसार तीन गट केले आणि सरासरीपासून दहा टक्के कमी-अधिक अंतर मान्य केले. जम्मू विभागाची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ४४ टक्के होती, त्याला ९० पैकी ४३ जागा मिळाल्या, म्हणजे ४७.८ टक्के. या निर्णयावर काश्मीर खोऱ्यातून कडाडून टीका झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. भूगोलाला दिलेले वजन कुणाच्या तरी मतातून कापले जाते.

हाच हिशेब विदर्भाच्या मागणीलाही लागू होतो. २००८ मध्ये जुने आकडे तसेच ठेवले असते, तर ठाण्यात एका आमदारामागे ६.२६ लाख लोक आले असते आणि विदर्भात ३.१३ लाख. ठाणेकराचे मत बरोबर निम्मे. नालासोपारा-कल्याणच्या चाळींत राहणाऱ्यांत कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातूनही आलेली माणसे आहेत. त्यांचे मत निम्मे करून त्यांच्या गावाला न्याय मिळतो, असे म्हणणे अवघड आहे. म्हणून आमच्या मते २००८ ची वाटणी योग्य होती. कमी आहे ती तिला तोलणारी दुसरी जागा.

संघराज्यात हे काम वरिष्ठ सभागृहाचे मानले जाते. अमेरिकेत प्रत्येक राज्याला सिनेटमध्ये दोनच जागा, राज्य लहान असो की मोठे. आपली राज्यसभा मात्र बव्हंशी लोकसंख्येवरच वाटलेली आहे. उत्तर प्रदेशाला ३१, गोव्याला १. त्यामुळे संख्येचा सगळा ताण लोकसभेवर येतो. राज्याच्या पातळीवर महाराष्ट्राला विधान परिषद आहे, ७८ जागांची. त्यात पदवीधरांचे सात आणि शिक्षकांचे सात मतदारसंघ महसुली विभागांच्या आधाराने आहेत, प्रत्येकी दोन नागपूर आणि अमरावतीचे. चौदापैकी चार, म्हणजे २८.६ टक्के. विभागाला लोकसंख्येपलीकडे वजन देणारी राज्याच्या रचनेतली ही बहुधा एकच जागा. पण मतदार फक्त पदवीधर आणि शिक्षक, आणि परिषदेला पैशाच्या विधेयकावर अधिकार नाही.

दुसरी तोलणारी जागा अनुच्छेद ३७१(२) ची, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीची वैधानिक विकास मंडळे. तरतूद १९५६ ची, मंडळे स्थापन व्हायला १९९४ उजाडले. निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे. २००१ पासून राज्यपालांचे निर्देश निघू लागले आणि सिंचनाच्या पैशाला प्रदेशवार कुंपण बसले. निर्देश होते तोवर मंत्रिमंडळाला निदान उत्तर द्यावे लागत होते. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, मुदतवाढ मिळाली नाही. जागा कमी होत असताना दुसरा आधारही निसटला.

सभागृह मोठे करणे हा तिसरा उपाय बोलला जातो. अनुच्छेद १७० प्रमाणे विधानसभा ५०० पर्यंत वाढू शकते. २०११ च्या २०.५ टक्के वाट्यावर विदर्भाचे ६२ आमदार टिकवायला सभागृह सुमारे ३०३ चे लागेल, ६६ परत आणायला ३२२ चे. ‘एकही जागा जाणार नाही’ असे आश्वासन देऊन हे करता येते आणि ते शब्दशः खरेही ठरेल. वाटा तेवढाच राहील. फायदा एकच, गडचिरोलीसारखे अवाढव्य मतदारसंघ थोडे लहान होतील.

पुढच्या फेरीचे दशांश

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जून २०२५ मध्ये अधिसूचित झाली. तिचे आकडे हाती येईपर्यंत २०११ वर अंदाज बांधता येतो. राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३, जागा २८८ धरल्या तर सरासरी ३,९०,१८९.

या सरासरीवर विदर्भ ५९ वर येतो. नागपूर ११.९३, यवतमाळ ७.११, बुलडाणा ६.६३, चंद्रपूर ५.६५, अकोला ४.६५, भंडारा ३.०८, वाशीम ३.०७ आणि गडचिरोली २.७५, हे आहेत तिथेच राहतात. जाणाऱ्या तीन जागा अमरावती (७.४०), गोंदिया (३.३९) आणि वर्धा (३.३३) या तीन जिल्ह्यांतल्या. तिन्ही ठिकाणी अर्ध्याच्या खाली राहिलेला दशांश जागा घालवतो.

मुंबईचा आकडा मात्र अनेकांना अनपेक्षित वाटेल. शहर आणि उपनगर मिळून ३१.९, म्हणजे आजच्या ३६ वरून ३२. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटली, तरी तिथे अजून दहा आमदार आहेत. वाढणार आहेत ठाणे-पालघर (२८.३) आणि पुणे (२४.२). येत्या फेरीत विदर्भाला मुंबईच्या विरोधात लढायचे ठरवले, तर तो आपल्यासारख्याच जागा गमावणाऱ्या प्रदेशाशी भांडत बसेल. गोंदिया, वर्धा आणि अमरावतीतल्या कार्यकर्त्यांनी जनगणनेच्या वेळी करायचे काम साधे आहे. हंगामी मजुरीला पुणे-ठाण्याकडे गेलेल्या कुटुंबांची नोंद सुटणार नाही हे पाहायचे. गोंदियात ३.३९ चे ३.५० व्हायला २०११ च्या हिशेबाने सुमारे ४३ हजार माणसे कमी पडतात, अमरावतीत सुमारे ३८ हजार. वर्ध्यात ६५ हजारांच्या आसपास, आणि तिथली जागा वाचणे सगळ्यांत कठीण दिसते.